शुद्ध शाकाहारी अल्सेशियन

प्राध्यापक बेहेरे आमच्या स्वयंपाकघरातून पातेलं घेऊन निघाले, तेव्हा सांडशीत धरलेलं ते पातेलं त्यांनी अंगापासून इतकं लांब ठेवलं होतं की बघणाऱ्याला वाटावं, आत नाग आहे. आत सीना होता. सीना म्हणजे जनावराच्या छातीचा भाग, थोडी चरबी, थोडी कूर्चा, मंद आचेवर तासभर शिजवला की बोटाने तुटणारा. फक्त मीठ, मिरी आणि आल्याचा तुकडा घालून आईने तो शिजवला होता. पहिला चमचा अजून तिच्या तोंडात जायचा होता.

"नाना, वर झाकण तरी ठेवा," आई स्टुलावर बसूनच म्हणाली, "वाफ तोंडावर येईल."

तिचं ऑपरेशन होऊन महिना झाला नव्हता. जन्मभर मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून राबलेली बाई. आता तिच्याच अंगात रक्त उरलं नव्हतं, आणि डॉक्टरांनी तिला सीन्याचा रस्सा सांगितला होता. गोळ्या पोटाला मानवत नव्हत्या.

नानांनी झाकण ठेवलं नाही. ते मागच्या दाराने अंगणात गेले, जास्वंदीच्या बुंध्याशी पातेलं उपडं केलं आणि धुण्याच्या दगडावर आपटलं. जर्मनचं पातेलं ते. त्याला वाटीएवढा पोचा आला.

"भिंगारदिवे," ते मला म्हणाले. मी खांद्यावर टॉवेल टाकून उभा होतो. "ही सुयोग कॉलनी आहे. कत्तलखाना नव्हे. गोमांस शिजतं इथे?"

"रेडा होता," आई आतून म्हणाली.

"प्राणी तो प्राणी!"

"ते खरंय," आई म्हणाली. तिला खऱ्या गोष्टीला नाही म्हणता येत नसे.

मागच्या सगळ्या खिडक्यांत माणसं आली होती. त्यांच्या साक्षीने नानांनी निकाल दिला. कॉलनीचे चेअरमन तेच होते. तीन महिन्यांनी कॉलनीचा वर्धापनदिन होता. त्या दिवशी हॉलमध्ये सर्वांसमोर ठराव येईल, की मांस खाणारा कुणी कॉलनीत ठेवायचा नाही, आणि तो ठराव आमच्या मुंबईच्या घरमालकांना कळवला जाईल. "तोपर्यंत बाईंची तब्येत बघून, माणुसकी म्हणून, मी थांबतो," असंही ते म्हणाले. तोवर आम्ही खिडक्या लावून शिजवायचं.

ही नगरची गोष्ट, अठ्ठ्याहत्तर सालची. त्या वेळी मी वीज मंडळात कारकून होतो. खोली मिळेपर्यंत मी सायकलने गाव पालथं घातलं होतं. माझं आडनाव ऐकून घरमालक विचारात पडत, आणि शमुवेल हे नाव सांगितलं की त्यांना एकाएकी पुण्याचा पुतण्या आठवे. तो पुढच्याच आठवड्यात राहायला येणार असे. नगरमध्ये इतके पुतणे आले असते तर पुणं ओस पडलं असतं. ही खोली गेली तर आजारी आईला घेऊन मी कुठे जाणार होतो, हे मला खरंच माहीत नव्हतं.

नाना पायऱ्या चढून घरात गेले. तेव्हा मी बघितलं, पेरूच्या झाडाला बांधलेला त्यांचा कुत्रा साखळी ताणून जास्वंदीपर्यंत पोचला होता आणि माती चाटत होता. सुलभाकाकू, म्हणजे नानांच्या पत्नी, आपल्या मागच्या दारात उभ्या राहून त्याच्याकडे बघत होत्या. त्यांनी त्याला हाकललं नाही. थोडा वेळ बघितलं आणि दार लोटून घेतलं.

कुत्र्याबद्दल सांगायला हवं, कारण तो साधा कुत्रा नव्हता, पुरावा होता. नाना रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. निवृत्त झाल्यावर इतरांना नातवंडं होतात, त्यांना सिद्धान्त झाला. माणसाला लागणारं सगळं पोषण मुगात आहे, असा तो सिद्धान्त. मूग, नाचणी, गूळ आणि आणखी कसकसली मुळं वाळवून त्यांनी एक पीठ केलं होतं. त्याचं नाव 'सत्त्वपूर'. गावातल्या एका दैनिकात ते दर रविवारी त्यावर लिहीत. लोक मात्र वाचून मटणाच्या दुकानात जात. तेव्हा नानांनी अल्सेशियनचं पिल्लू आणलं.

"माणसाला मांस लागत नाही हे सांगून कुणी ऐकत नाही," ते म्हणाले होते. "कुत्र्यालाही लागत नाही हे दाखवलं की सगळ्यांची तोंडं बंद होतील."

त्याचं नाव त्यांनी कणाद ठेवलं, शेतात सांडलेले कण वेचून खाणाऱ्या ऋषीवरून. कणाद वर्षाचा झाला तेव्हा त्याच्या बरगड्या रस्त्यावरून मोजता येत. सुलभाकाकू आणि कणाद एकाच डब्यातलं पीठ खात. काकूंना पदर असल्यामुळे त्यांचं काही दिसत नव्हतं.

पातेलं ओतलं त्या दिवसापासून मी सुडाने पेटलो. दुसरा शब्द नाही. टेबलावर वीजबिलं असत, आणि मला त्यांतल्या प्रत्येकावर नानांचं नाव दिसे. पहिला सूड म्हणून मी त्यांच्या सायकलच्या दोन्ही चाकांची हवा सोडली, रोज. आठवडाभर नाना चालत फिरायला गेले. पुढच्या रविवारी त्यांनी चालण्यावर लेख लिहिला, आणि पोट सपाट झाल्याचं सांगायला मुद्दाम आमच्या दारात उभे राहिले. दुसरा सूड म्हणून मी त्यांच्या खिडकीखाली सुके बोंबील पुरले. ते मांजरांनी उकरले आणि आमच्या पायरीवर आणून खाल्ले. त्याबद्दल मला चेअरमनची लेखी समज मिळाली.

"शमू," आई म्हणाली, "तू जेवून घे बरं आधी."

"तुझं पातेलं ओतलं त्याने! सगळ्यांदेखत!"

"मी होते की तिथे."

"आणि तुला काहीच वाटत नाही?"

आई कांदा सोलत होती. तिने दुसरा कांदा घेतला. पोचा आलेलं पातेलं मी अंगणातून उचलून आणलं होतं, ते तिने घासून फळीवर पालथं घातलं होतं. भांडी दुरुस्त करणारा गल्लीत आला तेव्हा मी ते सरळ करून आणतो म्हणालो.

"राहू दे," ती म्हणाली. "आहे तसं बरंय."

मला तिचा राग आला. माझी आई जन्मभर दुसऱ्यांची भांडी उचलत आली, म्हणून तिला स्वतःच्या भांड्याचा अपमान कळत नाही, असं मी मनात म्हणालो. तरुण माणूस आईबद्दल किती मूर्खपणाने विचार करू शकतो, याला हद्द नाही.

एक दिवसाआड सकाळी मी भिंगारला खलीलभाईंच्या दुकानात जायचो. सीना मीच आणत होतो. महिनाभराने खलीलभाई तराजू हातात धरून हसले.

"सिस्टरची तब्येत एकदम मस्त दिसते! पहले अर्धा किलो. आता दीड?"

"डॉक्टरांनी सांगितलंय," मी म्हणालो. मला आईने तसंच सांगितलं होतं.

"बरोबर सांगितलं. सीन्यात ताकद आहे. चरबी पण आहे, कूर्चा पण आहे. रानाचं, म्हणजे मांडीचं, मांस नुसतं दिसायला चांगलं." आणि त्यांनी पुडा बांधला. कागद गेल्या रविवारचा होता. 'मांसाहार : एक भ्रम' हे शीर्षक आणि नानांचा फोटो बरोबर वर आले होते. घरी पोचेपर्यंत चरबी झिरपून नानांचा चेहरा पार तुकतुकीत झाला होता. सबंध महिन्यातलं माझं तेवढंच सुख.

"आई, दीड किलो तू एकटी खातेस?" मी एकदा विचारलं. मी संध्याकाळी परत यायचो तेव्हा माझ्या वाटीत चार तुकडे असत आणि तिच्या वाटीत दोन.

"रस्सा आटतो," आई म्हणाली.

आईच्या गालांवर हळूहळू रंग येत होता, पण तिच्यापेक्षा जास्त रंग आला कणादला. सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही. मग त्याच्या बरगड्या दिसेनाशा झाल्या. मग छाती भरली. केस असे चमकायला लागले की वाटावं रोज कुणीतरी तेल चोळतंय. नानांना तर आकाश ठेंगणं झालं. कणादची छाती ते टेपने मोजत आणि रविवारी छापत. संगमनेर, श्रीरामपूरहून 'सत्त्वपूर'ची मागणी यायला लागली.

एकदा त्यांनी मला फाटकाशीच गाठलं.

"भिंगारदिवे, हात फिरवा. फिरवा, फिरवा, घाबरू नका. हे मुगाचं तेज!"

मी हात फिरवला. कणादने माझा हात हुंगला आणि एकेक बोट मन लावून चाटलं. आदल्याच संध्याकाळी मी त्या हाताने जेवलो होतो.

"बघा," नाना गहिवरून म्हणाले, "तुमच्याबद्दलसुद्धा याच्या मनात द्वेष नाही. आहाराचा परिणाम!"

वर्धापनदिन आला. मी रजा काढली होती. ठरावाच्या वेळी उभं राहायचं आणि नानांना चारचौघांत नको ते बोलायचं, एवढंच माझ्या हातात उरलं होतं. आरशासमोर मी ते पाठही केलं होतं. आई पांढरी साडी नेसून आली. मांडीवर कापडी पिशवी घेऊन ती शेवटच्या रांगेत बसली.

"पिशवीत काय?" मी विचारलं.

"घरी जाताना लागेल," ती म्हणाली.

दुपारची वेळ. आधी नानांचं सप्रयोग व्याख्यान, मग ठराव, मग चहा. व्यासपीठावर वखारीतला मोठा काटा आणून ठेवला होता. शेजारी जनावरांचे डॉक्टर पठारे बसले होते. नानांनी कणादला आणलं तेव्हा हॉलमधून 'वा' अशी लाट गेली. डॉक्टरांनी त्याचे दात बघितले, डोळे बघितले, वजन घेतलं, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "नाना, असा कुत्रा मी फक्त मिलिटरीत बघतो."

"आणि तिथे त्यांना काय खाऊ घालतात, डॉक्टर?"

"मांस."

"ऐकलंत?" नाना आमच्याकडे वळले. "आणि हा शुद्ध शाकाहारी आहे! शंभर ग्रॅम मुगात चोवीस ग्रॅम प्रथिनं असतात. आणि ज्या मांसाचं एवढं कौतुक चालतं, त्यात? वीस! कधी कधी त्याहून कमी! मग कॉलनीत हा दुर्गंध हवाच कशाला? हा ठराव कुणा व्यक्तीविरुद्ध नाही. विज्ञानाच्या बाजूने आहे."

लोक आमच्याकडे बघायला लागले. माझे कान तापले. मी उठणार, तेवढ्यात आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"थांब," ती म्हणाली. "त्याच्या जेवणाची वेळ झालीय."

नानांनी 'सत्त्वपूर'चं वाडगं कणादपुढे ठेवलं. कणादने वाडग्याकडे बघितलं, नानांकडे बघितलं, आणि तोंड फिरवून तो हॉलमध्ये रांगेमागून रांग न्याहाळायला लागला.

"गर्दीला बुजलाय," नाना म्हणाले. "घरी वाडगं चाटूनपुसून लख्ख असतं."

आईने पिशवीतून पातेलं काढलं. रिकामं. पोचा आलेलं. तिने बोटातल्या अंगठीने त्यावर तीन वेळा टकटक केलं, फार मोठ्याने नाही.

कणाद व्यासपीठावरून सरळ खाली आला. साखळी नानांच्या मनगटाला गुंडाळलेली होती, त्यामुळे नानाही आले. मधल्या वाटेने, दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांना लागत, चष्मा सावरत, चेअरमन पार शेवटच्या रांगेपर्यंत आले. कणाद आईसमोर बसला. त्याने उजवा पंजा दिला. मग डावा दिला. मग पातेल्यात नाक घालून आत काही नाही याची खात्री केली, आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून वाट बघत बसला.

पुढच्या रांगांतली माणसं खुर्च्यांतच मागे वळून बसली.

"सिस्टर," नाना धापा टाकत म्हणाले, "हा... हा तुम्हाला ओळखतो?"

"दुपारी जेवायला येतो."

"जेवायला? काय जेवतो?"

आई उभी राहिली. वॉर्डमध्ये या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाईल असा तिचा आवाज होता, तो मी कित्येक महिन्यांनी ऐकला.

"सीना. रश्श्यासकट. तुम्ही जास्वंदीला घातला होतात ना, तोच. त्या दिवशी याला आवडला, म्हणून मी पुढे चालू ठेवला. सुरुवात तुमची आहे, नाना."

आधी डॉक्टर पठारे हसले. त्यांना आवरेना. "तरीच!" ते व्यासपीठावरून म्हणाले. "मी म्हणतोय, हे केस आले कुठून! नाना, मुगातली प्रथिनं कागदावर जास्त असतील हो, पण कुत्र्याला कागद वाचता येत नाही. आणि रक्त भरायला मांसातलं लोह अंगी लागतं, मुगातलं पुष्कळसं तसंच निघून जातं. सिस्टरलाच विचारा, त्यांचंही भरलेलं दिसतंय."

मग सगळा हॉल हसला. सेक्रेटरी बिचारे ठरावाचा कागद हातात घेऊन उभे होते. त्यांनी प्रामाणिकपणे विचारलं, "चेअरमनसाहेब, मांस खाणारा कुणी कॉलनीत ठेवायचा नाही असा ठराव आहे. यात कणादला धरायचं की वगळायचं?"

ठराव वाचला गेला नाही. लोक थेट चहाला उठले. मी आरशासमोर पाठ केलेलं भाषण आजही मला पाठ आहे. ते कधीच उपयोगाला आलं नाही.

घरी जाताना मी आईला म्हणालो, "मला एका शब्दाने सांगितलं नाहीस! आणि रोज त्याची साखळी सोडायला जायचीस?"

"साखळी मी नाही सोडली," आई म्हणाली. "कुत्रा यायचा."

मला वाटलं, इथे सूड संपला. मी ताळेबंद मांडला होता: त्यांनी एक पातेलं ओतलं, आम्ही एक हॉल हसवला. आईचा हिशेब वेगळा होता. दुसऱ्या दिवसापासून तिने कणादला खायला घालणं बंद केलं. दार लावलं आणि ती शेवगा निवडत बसली. कणाद पायरीशी येऊन विव्हळला. मी दोनदा दाराशी जाऊन आलो, पण ती उठली नाही.

चौथ्या दिवशी नाना आले. दाढी वाढली होती. ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"सिस्टर, तो कशालाच तोंड लावत नाही हो. दूध नाही, पोळी नाही. माझ्याकडे नुसता बघत बसतो." त्या माणसाचं त्या कुत्र्यावर खरंच प्रेम होतं, आणि ते मला त्या दिवशी मुळीच बघायचं नव्हतं.

"माझं औषध संपलं, नाना. मी बरी झाले. आता आमच्याकडे रोज शिजत नाही."

"मग मी काय करू?"

"खलीलभाईंचं दुकान भिंगारला आहे. नाक्यावरून डावीकडे. सीना मागा. नुसतं मांस द्या म्हणालात तर मानेचं देतील."

नाना गेले. कसे गेले, दुकानात काय बोलले, हे खलीलभाई पुढे कितीतरी वर्षं गिऱ्हाइकांना करून दाखवत. तासाभराने नाना सायकलला पुडा अडकवून आले. कागदावर त्यांचाच फोटो होता की नाही ते मला दिसलं नाही. नव्हता असं मानायला मी तयार नाही.

"सिस्टर, हे... जरा तुमच्याकडे..."

"खिडक्या लावून शिजवायची तुमची अट आहे, आणि मला डॉक्टरांनी कोंदटात बसू नको म्हणून सांगितलंय," आई म्हणाली. "तुम्ही घरी शिजवा."

"घरी कसं? आमच्या स्वयंपाकघरात?"

"मग अंगण आहे की."

तिने फळीवरचं पातेलं काढून त्यांच्या हातात दिलं. "पोचा आहे, पण चालतं."

जास्वंदीशेजारी तीन विटा मांडून प्राध्यापक बेहेरे भर दुपारी उकिडवे बसले. लाकडं ओली होती. सगळ्या खिडक्या उघडल्या होत्या आणि प्रत्येक खिडकीत माणसं होती. कुणी हसत नव्हतं. न हसणारी माणसं फार वेळ बघू शकतात. आईने आमच्या मागच्या दारात स्टूल आणून ठेवलं, त्यावर बसली, आणि त्यांना शिकवायला लागली, नवीन नर्सला शिकवावं तशी, न ओरडता, काही न विसरता.

"आच कमी करा, नाना. घाई केली तर चिवट होतं... मीठ शेवटी... तो वरचा फेस काढा. हां. आणि झाकण ठेवा, वाफ तोंडावर येईल."

नानांनी झाकण ठेवलं.

पुढे रोज दुपारी हेच झालं. आमच्या घरमालकांना कुणी काही कळवलं नाही. त्या खोलीत आम्ही माझं लग्न होईपर्यंत राहिलो, खिडक्या उघड्या ठेवून. रविवारचा लेख बंद पडला. कणाद म्हातारा होऊन मेला, तोही भरल्या पोटी.

आई गेली तेव्हा नाना नव्हते, ते आधीच गेले होते. सुलभाकाकू मात्र आल्या, काठी टेकत, नातीचा हात धरून. अंगाने चांगल्या भरल्या होत्या. लोक पांगल्यावर माझ्याजवळ बसल्या.

"सिस्टर कधी बोलल्या नसतील तुला," त्या म्हणाल्या. "साखळी मी सोडायची. हे जेवून झोपले की."

"आणि वाडगं? ते रिकामं असायचं ना?"

"ते पीठ गवळ्याच्या म्हशीला घालायची. दूध वाढलं होतं हो तिचं."

मी हसलो. त्या दिवशी हसू येईल असं वाटलं नव्हतं.

"पण काकू, तुम्ही का? नानांची तर कुत्र्याच्या नावाने शोभा झाली."

काकूंनी पदराने चष्मा पुसला, शांतपणे, दोन्ही काचा.

"लग्न झालं त्या वर्षी मी एकदा लसणाची चटणी केली होती," त्या म्हणाल्या. "माहेरची आठवण आली म्हणून. पाट्यावर वाटलेली, अजून वाटीतही काढली नव्हती. यांनी पाटा उचलून बाहेर नेला. दुसऱ्या गावी होतो आम्ही तेव्हा, पण जास्वंद तिथेही होती."